जॅम घट्ट होईना: वाईतल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

2023 च्या एप्रिलमध्ये वाईला आमच्या घरी स्ट्रॉबेरी जॅमच्या दीडशेवर बाटल्या भरून झाल्या. त्यातल्या नव्वदेक बाटल्यांत जॅम नव्हता, सरबत होतं. उरलेल्या साठेक बाटल्यांत खजुराच्या रंगाचं काहीतरी चिकट भरलं होतं आणि महिन्याभरात त्यात साखरेचे खडे धरले. फळ तेच, साखर तीच, हातही तोच. माझी वहिनी गेली बारा-तेरा वर्षं साखरांबा आणि गुळांबा करते. तिच्या साखरांब्याचा पाक कधी चुकल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हा प्रकार तिच्या फारच जिव्हारी लागला.

मी पुण्यात असतो, हिशेब ठेवायची मला खोड आहे आणि शाळेतलं रसायनशास्त्र अजून थोडं शिल्लक आहे. म्हणून या प्रकरणाची वही माझ्याकडे आली. पुढे जे लिहिलंय ते त्या वहीतलं.

आधी घरची परिस्थिती. वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी. घाट चढून गेलं की पाचगणी, तिथून जवळच भिलार. पुस्तकांचं गाव म्हणून भिलारचं नाव झालं ते 2017 पासून, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या सगळ्या पठाराच्या जोरावर. म्हणजे फळ दारात आहे. परसात एक रायवळ आंबा, दोन लिंबं आणि एक पेरू. घाटाच्या उतारावर करवंदाच्या जाळ्या. एवढं असताना वहिनीला वाटलं की सणासुदीला चार नातेवाइकांना देण्यापेक्षा थोडं विकून बघावं. घरगुती उद्योगाची एफएसएसएआयकडे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे) नोंदणी केली, पाव किलोच्या बाटल्या आणल्या आणि एका शेतकऱ्याशी बोलून चाळीस किलो स्ट्रॉबेरी उतरवली.

एप्रिलमध्ये. पहिली चूक इथेच झाली, पण ती कळायला आम्हाला पुढचा हंगाम लागला.

दोन प्रकारे बिघडलं

चाळीस किलोंतलं दहा किलो निवडतानाच गेलं. बुरशी, चेंदलेली फळं, आंबूस वास. राहिलेल्या तीस किलोंचे दोन-दोन किलोंचे पंधरा घाणे झाले. प्रमाण किलोला पाऊण किलो साखर.

पहिले आठ घाणे वहिनीने एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पंचवीस मिनिटं शिजवले. व्हिडिओतल्या बाईंचं पातेलं केवढं होतं, गॅस केवढा होता, देव जाणे. आमचे आठ घाणे पातळ राहिले. फळाचे तुकडे वर तरंगत होते, खाली लाल पाणी. उघडलेल्या बाटलीवर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी आली.

मग माझ्या भावाने थर्मामीटर आणला. बहुतेक पाककृतींत लिहिलेलं असतं की जॅम 105 अंशांवर आला की उतरवा. वहिनीने इमानेइतबारे पुढचे सात घाणे 105 पर्यंत नेले. ते काळपट झाले, करपल्याचा पुसटसा वास आला आणि बाटल्याही कमी भरल्या. मग खडे धरले.

आई म्हणाली, "थर्मामीटर लावून कोणी मुरांबा केलाय का कधी?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण दोष थर्मामीटरचाही नव्हता. तो बरोबरच दाखवत होता, फक्त 105 हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तिथे पाणी 100 अंशांना उकळतं आणि साखर 65 टक्क्यांच्या आसपास गेलेला जॅम त्याच्यावर साडेचार-पाच अंशांनी. उंचीवर पाणी लवकर उकळतं, साधारण दर 300 मीटरला एक अंश कमी. वाई 700 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथे पाणी साडेसत्त्याण्णवच्या पुढेमागे उकळणार आणि जॅम 102 ओलांडला की थोड्या वेळात तयार. पाचगणीला हाच आकडा आणखी दोन अंशांनी खाली. मुंबईतल्या बहिणीने 105 वर जॅम उतरवला तर तो उत्तम होईल. वाईत 105 गाठेपर्यंत आपण त्याची चिक्की करायला निघालेलो असतो.

हे मी कागदावर सांगितलं, पण वहिनीला पुरावा हवा होता. आमचे एक नातेवाईक तासगावकडे द्राक्षं करतात. त्यांच्याकडून गोडी मोजायचं ब्रिक्स मीटर मागवलं. मोठ्या उत्साहाने जॅम काचेवर लावला आणि काहीच दिसेना. द्राक्षवाल्यांचं मीटर 32 पर्यंतच जातं, द्राक्षाला त्याहून जास्त कशाला लागेल? मग उपाय सुचला: दहा ग्रॅम जॅम, वीस ग्रॅम पाणी, नीट ढवळून गाळायचं, आकडा बघायचा आणि तिप्पट करायचा. पातळ बाटलीतल्या जॅमचा आकडा आला 19, म्हणजे 57 टक्के. काळपट जॅमचा 25, म्हणजे 75. नियमाप्रमाणे ‘जॅम’ म्हणून विकायचं तर विद्राव्य घटक (विरघळलेली साखर वगैरे) किमान 65 टक्के लागतात. म्हणजे आमच्या दीडशेवर बाटल्यांपैकी नव्वदेकांना कायद्याने जॅम म्हणताच येत नव्हतं, आणि साठेकांना म्हणता येत होतं पण खाववत नव्हतं.

मग फळाकडे वळलो

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न शिजवण्याचा आहे आणि तो सुटला. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत वहिनीने बाजारातून दोन किलो स्ट्रॉबेरी आणून बरोबर 66 टक्क्यांवर घाणा उतरवला. तो बुरशी धरणार नाही एवढा गोड झाला, रंग सुरेख आला, पण घट्टपणा मधाचा, जॅमचा नाही. पोळीवरून ओघळायचा.

साखर हा टिकण्याचा भाग झाला. घट्ट होण्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: साखर, आंबटपणा आणि फळातलं पेक्टिन, म्हणजे रसाला धरून ठेवणारा फळातलाच चिकट पदार्थ. कैरीत, पेरूत, गाभुळलेल्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं. आपल्या आज्यांनी साखरांबा कैरीचा केला, पिकल्या आंब्याचा नाही, याला चवीइतकंच हेही कारण असावं असं मला वाटतं. स्ट्रॉबेरी मुळात पेक्टिनला गरीब. त्यात फळ जितकं पिकतं तितकं हे पेक्टिन मोडत जातं. खायला सगळ्यात गोड, लालभडक, मऊ फळ जॅमला सगळ्यात निकामी.

हे पडताळायची एक सोपी युक्ती आहे. फळ थोडं शिजवून चमचाभर रस थंड करायचा, त्यात दोन-तीन चमचे स्पिरिट घालायचं आणि बाटली न हलवता हळूच तिरकी करायची. पेक्टिन भरपूर असेल तर रसाचा एकच गोळा बनतो, चमच्याने उचलता येईल असा. कमी असेल तर नुसते तुटके धागे. (हे चाखायचं नाही, लगेच फेकून द्यायचं. आमच्याकडे लहान मुलं आहेत म्हणून ही परीक्षा अंगणात होते.) वहिनीने एका रविवारी पाच बाटल्या मांडल्या. पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी: धागे. देठाकडे अजून पांढरी असलेली स्ट्रॉबेरी: चार-पाच सैल गोळे. परसातला अर्धकच्चा पेरू: एकसंध गोळा, बाटली उलटी केली तरी हलेना. लिंबाच्या सालीखालचा पांढरा भाग उकळून काढलेलं पाणी: तोही गोळा. पाचव्या बाटलीत मी चुकून स्पिरिटऐवजी पाणी ओतलं होतं, ती सोडून द्या.

स्ट्रॉबेरी टोकाकडून पिकत देठाकडे येते. देठाजवळ पांढरा पट्टा राहिलेलं फळ म्हणजे तोडायला एक-दोन दिवस घाई झालेलं फळ. ते घरी आणून पिकत नाही. आंबा आढीत घालता येतो, स्ट्रॉबेरी तोडली की जशी आहे तशीच राहते, फक्त मऊ होत जाते. म्हणून शेतकरी पांढऱ्या खांद्याचं फळ मुंबईच्या पनेटमध्ये (विक्रीच्या छोट्या डब्यात) भरत नाही, आणि आपणही मंडईत ते बाजूला सारतो. जॅमला नेमकं तेच थोडं हवं असतं.

खरेदी कशी बदलली

आता एप्रिलच्या मालाचा हिशेब. रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतात, नोव्हेंबरअखेरपासून फळ सुरू होतं आणि बहर लाटेलाटेने येत एप्रिलपर्यंत चालतं. शेवटी ऊन वाढलं की फळ लहान, मऊ आणि एका दिवसात पिकून जाणारं. तेव्हा भाव पडतो म्हणून घरगुती जॅमवाले तेव्हाच घेतात. आम्हीही घेतला, 80 रुपये किलोने. पण दहा किलोंतलं अडीच किलो फेकलं, म्हणजे वापरात आलेलं किलो 107 ला पडलं.

फेब्रुवारीतलं निवडक मोठं फळ त्या वेळी 150 ने मिळत होतं. त्यात दहा किलोंमागे वाया जातं अर्धा किलो, म्हणजे 158. एक किलो फळापासून पाव किलोच्या पाच बाटल्या होतात, तेव्हा फरक बाटलीमागे दहा रुपये. हे वहिनीला जड वाटलं आणि मलाही.

तिसरा रस्ता तिनेच शोधला. ती थेट भिलारच्या बाजूला एका शेतावर सकाळी सातला जाऊन उभी राहिली. तोडणी झालेल्या फळांचे ढीग टेबलावर येत होते. बायका भराभर निवडत होत्या: मोठं, एकसारखं, पूर्ण लाल ते पनेटमध्ये. लहान, वाकडं, दोन फळं जुळलेलं, पांढऱ्या खांद्याचं ते खाली प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, देठ काढून. हा फॅक्टरीचा माल. तो एप्रिलच्या मालासारखा पिकून गेलेला नसतो, त्याच सकाळी तोडलेला असतो, फक्त दिसायला बरा नसतो. जॅममध्ये कोणाचं नाक सरळ आहे हे कोण बघतंय? हा माल 110 ने ठरला, दहा किलोंमागे निवडून वाया जातो किलोभर, म्हणजे 122. एप्रिलच्या मालापेक्षा बाटलीमागे तीन रुपये जास्त.

शेतकऱ्याला मात्र हे विचित्र वाटलं. "ताई, पांढरं नको म्हणून लोक भांडतात, तुम्ही पांढरं मागताय?" वहिनीने सांगितलं, चार वाटे पूर्ण लाल आणि एक वाटा पांढऱ्या खांद्याचं, देठ तसाच ठेवून. देठ काढलं की तिथून रस गळतो आणि घाट उतरेपर्यंत खालचा थर भिजतो. शिवाय दोन प्रश्न ठरले: शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, आणि जात कोणती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोघम आलं तर तो दिवस सोडायचा. एकदा सोडलाही, गाडीचं पेट्रोल फुकट गेलं.

जातीबद्दल एवढंच की स्वीट चार्ली खायला छान, पण आंबटपणा कमी, जॅम सपक होतो. कॅमारोसा टणक आणि आतपर्यंत लाल असते, शिजून रंग टिकतो. आम्हाला मिळेल तेव्हा कॅमारोसा, नाहीतर जे शेतात असेल ते, लिंबू वाढवून.

स्वतः स्ट्रॉबेरी लावायचाही प्रयोग झाला. भिलारहून दहा रोपं आणून गच्चीत कुंड्यांत. मार्चच्या वाईच्या उन्हात त्यांनी मान टाकली. एकूण उत्पन्न एक वाटी, त्यातली अर्धी बुलबुलांनी नेली. वर घाटावर जे होतं ते खाली होत नाही, हे गावातल्या कोणीही फुकट सांगितलं असतं.

शिजवण्यात काय बदललं

थर्मामीटर कपाटात गेला. त्याच्या जागी आला वजनकाटा. एक किलो फळ आणि पाऊण किलो साखर घेतली तर फळातली स्वतःची गोडी धरून साधारण 830 ग्रॅम विद्राव्य भाग होतो. तो 66 टक्के व्हायला हवा, म्हणजे जॅमचं वजन साडेबाराशे ग्रॅमच्या आसपास. दोन किलोंच्या घाण्याला अडीच किलो. रिकाम्या पातेल्याचं वजन खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय. शिजत आलं की पातेलं सरळ काट्यावर. अडीच किलो आलं की उतरवायचं. यात उंचीही येत नाही आणि गॅसची आचही येत नाही. पहिल्या वर्षीच्या काळपट घाण्यांचं वजन बाटल्यांवरून काढलं तर ते सव्वादोन किलोंच्या आत भरतं. प्रत्येक घाण्याला एक बाटली आम्ही वाफ करून उडवली होती.

पेक्टिनसाठी परसातला पेरू. अर्धकच्चे पेरू बियांसकट चिरायचे, बुडेल एवढं पाणी घालून अर्धा-पाऊण तास मंद उकळायचे, मग पंचात टांगून ठेवायचे. पिळायचं नाही, पिळलं की गढूळ होतं. पहिल्यांदा किलोभर स्ट्रॉबेरीला हे पेरूचं पाणी एक पेला घातलं तर जॅमला पेरूचा वास आला. भावाने चाखून विचारलं, "हा पेरूचा जॅम आहे का?" अर्ध्या पेल्यावर वास लपतो आणि घट्टपणाही येतो. सोबत किलोला दीड लिंबू. फळ आणि लिंबू आधी शिजवून मऊ करायचं, साखर नंतर, आणि साखर गेल्यावर मोठी आच. मंद आचेवर तासभर रटरटवलं की पेक्टिनच मोडतं. आमच्या पहिल्या वर्षीच्या काळपट घाण्यांना हाही शाप होता.

2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असे बारा घाणे झाले. अकरा जमले. एकात लिंबू घालायचं राहिलं, तो सैल झाला आणि घरी मिल्कशेकमध्ये संपला.

चटण्यांची वेगळी कहाणी

चटणीला पेक्टिनचा धाक नाही, पण फळाचा आहेच. आमच्याकडे दोन: कैरी-गुळाची आणि करवंदाची.

कैरी घरच्या झाडाची, म्हणून निष्काळजीपणा. वळवाच्या एका रात्री बादलीभर कैऱ्या पडल्या. वाया कशाला घालवा म्हणून दोन दिवसांनी त्यांची चटणी केली, बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाईकाचा फोन, झाकण उघडताना फस्स आवाज आला. सगळ्या परत मागवल्या. पडलेली कैरी बाहेरून धड दिसते, पण मार लागलेल्या जागी आतून काळी पडून आंबायला लागलेली असते. वर गूळ शेवटी घालून नुसता विरघळवला होता, उकळी आणलीच नव्हती, आणि गुळाबरोबर काय काय येतं ते गूळ गाळणाऱ्याला माहीत. आता पडीच्या कैरीचं त्याच दिवशी पन्हं किंवा मेथांबा, घरात, आठवड्यात संपवायचा. विकायच्या चटणीला झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेलीच कैरी, चीक जाईपर्यंत पाण्यात ठेवून. गुळाचा पाक आधी करून गाळायचा, मग त्यात कैरी शिजवायची, आणि गरम बाटलीत गरम भरायची.

करवंदं घाटाखालच्या वाडीतल्या बायका आणतात. पहिल्यांदा वहिनीने हौसेने "चांगली काळी आणा" म्हणून सांगितलं. आली काळीभोर, मधासारखी, मुलांनी कोंबडा की कोंबडी खेळत निम्मी संपवली. चटणीला मात्र ती नुसती गोड. आता सांगणं असं: निम्मी काळी, निम्मी गुलाबी. गुलाबीत आंबटपणाही असतो आणि दाटपणाही. पण गुलाबी तोडताना चीक हाताला चिकटतो, काटे आहेतच, आणि एका फेरीत माप कमी भरतं. म्हणून गुलाबीच्या मापाला दर जास्त द्यायचा हे वहिनीने स्वतःहून ठरवलं. पहिल्या पावसानंतरची करवंदं घ्यायची नाहीत, त्यात अळी निघते. त्या बायकांनीच हे आम्हाला सांगितलं, विकायला आलेल्या असूनही.

चीक जायला मिठाच्या पाण्यात भिजवणं, स्टीलच्याच पातेल्यात शिजवणं, बिया चाळणीवर घासून काढणं, मग गूळ, लाल मिरची, भाजलेलं जिरं, मीठ. यात नवीन काही नाही.

परसाच्या कुंपणाला आता करवंदाची ओळ लावलीय. बी ताजंच पेरावं लागतं, वाळवून ठेवलेलं उगवत नाही. त्यामुळे खाऊन थुंकलेल्या बियाच धुऊन लावल्या. फळ यायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर कुंपणाचं काम ती आत्ताच करते, शेजारच्या शेळीला विचारा.

यंदाच्या फेब्रुवारीत मी वहिनीबरोबर शेतावर गेलो होतो. क्रेट भरताना चांगलं फळ वर आणि फसवं तळाला ही मंडईची रीत मला माहीत होती, म्हणून मी हात घालून तळ बघायला लागलो. शेतकरी हसला. पांढऱ्या खांद्याची सगळी वरच होती, देठासकट, वेगळ्या कागदावर. खाली नुसती लाल. वहिनी म्हणाली, "भाऊजी, काटा काढा आधी, बघत काय बसलात."